खुंट कोलुब्रिनमचा, वेल मिरीचा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दर पावसाळ्यात मिरीचे दोन-तीन भरलेले वेल अचानक माना टाकतात आणि पंधरा-वीस दिवसांत वाळून जातात. कोलुब्रिनमच्या (मिरीच्याच कुळातल्या एका झुडपाच्या) खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या खोडावर, बांधलेली मिरीची कलमे लावली, तर हे थांबेल का?

उत्तर : मुळांतून आणि बुंध्यातून येणारी मर थांबेल. पानांवरून येणाऱ्या मरीला कलमाचा काहीही अडसर नाही. हा फरक नीट समजून घेऊनच कलमांवर पैसे घाला.

तुम्ही सांगितलेली लक्षणे जलद मर रोगाची आहेत. फायटोफ्थोरा कॅप्सिसी हे त्याचे कारण. आपण सोयीसाठी तिला बुरशी म्हणतो, पण ती पाणबुरशीच्या गटातली आहे. तिचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात, म्हणूनच संततधार पावसात तिचा जोर वाढतो. (नावातले ‘कॅप्सिसी’ मिरचीवरून आले आहे, कारण 1922 मध्ये तिची पहिली नोंद मिरचीवर झाली. मिरीच्या आळ्यात मिरची, वांगी, टोमॅटो लावू नयेत, असे आम्ही सांगतो ते यामुळेच.)

पायपर कोलुब्रिनम ही मिरीच्याच कुळातली, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाणथळ जागी वाढणारी झुडूपवजा वनस्पती. काही रोपवाटिकांत तिला ब्राझिलियन तिप्पली म्हणतात. तिची मुळे फायटोफ्थोराला दाद देत नाहीत, मुळांवर गाठी करणाऱ्या आणि मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमींनाही पुरून उरतात. हा गुण संकर करून मिरीत आणणे फार कठीण आहे, कारण मिरीत 52 गुणसूत्रे आणि कोलुब्रिनममध्ये 26. त्यामुळे कलम हाच हाती असलेला मार्ग.

पण खुंटाची ताकद जोडाच्या वर चढत नाही. पावसाच्या थेंबांबरोबर मातीतले बीजाणू खालच्या पानांवर उडतात, पानावर पिसाऱ्यासारखी कड असलेले काळे डाग पडतात आणि तिथून रोग फांदीत उतरतो. तेव्हा जमिनीलगतची पाने आणि लोंबते फुटवे काढणे, पावसाच्या आधी एकदा आणि मध्यावर एकदा 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारणे, ही कामे कलमी वेलालाही चुकत नाहीत. 100 लिटर मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि 1 किलो चुना 50 लिटर पाण्यात वेगळा कालवायचा. मग मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुना कालवलेल्या पाण्यात ओतायचे, उलट नाही. भांडी प्लास्टिकची किंवा लाकडी हवीत. मिश्रणात लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. वेल पावसात हिरवेपणीच कोमेजत असतील तर ही जलद मर. पावसाळा सरल्यावर, जमीन सुकू लागताना पाने पिवळी पडत असतील आणि वेल दोन-तीन वर्षे रखडत मरत असेल, तर मुख्यतः सूत्रकृमींमुळे येणारी मंद मर असण्याचा संभव जास्त. अशा वेलाची मुळे खणून पाहा, गाठी किंवा कुजलेली टोके दिसतील. दोन्ही रोगांत खुंटाचा उपयोग होतो, पण फवारणीचा खर्च कुठे करायचा हे या निदानावर ठरते.

प्रश्न : कलम बांधण्याची पद्धत सविस्तर द्यावी. खुंट किती जाड हवा, काडी कोणत्या फांदीची घ्यायची?

उत्तर : आधी काडीविषयी, म्हणजे खुंटावर बसवायच्या मिरीच्या तुकड्याविषयी, लिहितो, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. मिरीला दोन स्वभावांच्या फांद्या असतात. बुंध्यापासून निघून जमिनीवर सरपटणारे धावते फुटवे आणि आधारावर सरळ चढणारा शेंडा, यांच्या पेरांवर चिकटमुळे असतात. यांची काडी बांधली तर वेल चढतो. बाजूला आडव्या फुटणाऱ्या फळफांद्यांना घोस येतात, पण चिकटमुळे नसतात. यांची काडी बांधली तर रोप कधीच चढत नाही, झुडूप होते. त्यालाच बुश पेपर किंवा झुडूप मिरी म्हणतात. आधाराच्या झाडाला लावायला आणलेली कलमे चार वर्षांनीही गुडघ्याएवढीच राहिली, असे दिसले तर रोपवाटिकेत काडीची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

मातृवेल 5 ते 12 वर्षांचा, दर वर्षी सारखा फळणारा निवडा. आखूड, चुरगळलेली किंवा पिवळी ठिपकेदार पाने असलेल्या वेलाची काडी कितीही सोपी मिळाली तरी घेऊ नका. ही विषाणूची खूण असते आणि विषाणू काडीतूनच पुढच्या प्रत्येक कलमात जातो, खुंट त्याला अडवत नाही. धावते फुटवे मातीवर लोळू न देता बुंध्याशी रोवलेल्या काठीला गुंडाळून बांधा. त्यांचा मधला तिसरा हिस्सा काडीसाठी उत्तम. शेंडा कोवळा म्हणून सुकतो आणि बुडखा राठ म्हणून सावकाश फुटतो.

खुंट तयार करणे सोपे. कोलुब्रिनमच्या दोन-तीन पेरांच्या काड्या माती, वाळू आणि कुजलेले शेणखत 2:1:1 भरलेल्या पिशवीत लावल्या की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. पिशवी सतत ओलसर हवी. तीन-चार महिन्यांत खोड पेन्सिलीएवढे, म्हणजे 6 ते 8 मिलिमीटर जाड झाले की खुंट बांधणीला आला.

आता बांधणी. खुंट मातीपासून 15 ते 20 सेंटीमीटर उंचीवर आडवा छाटा. छाट पेरावर न घेता पेराच्या 4 ते 5 सेंटीमीटर वर, कांड्यात घ्या. मग मधोमध 3 सेंटीमीटर उभी चीर द्या. खाली पेर असले की चीर त्याच्यापुढे फाटत जात नाही. काडी दोन-तीन पेरांची ठेवा, खालची पाने काढा, वरच्या पानाचा अर्धा भाग कापा. बुडाला दोन्ही बाजूंनी 3 सेंटीमीटरची पाचर करा. प्रत्येक बाजू एकाच ओढीत कापली गेली पाहिजे. दुसऱ्यांदा तासलेली पाचर लाटांसारखी होते, मध्ये हवा राहते आणि तिथूनच ती काळी पडते.

पाचर चिरेत बसवताना एक गोष्ट जपा. मिरी कुळातल्या खोडात रसवाहिन्यांचे पुंजके दोन वेढ्यांत असतात. एक वेढा सालीजवळ, दुसरा आत गाभ्यात. जोड प्रामुख्याने बाहेरच्या वेढ्याच्या वाढत्या पेशींतून धरतो. म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूची साल सालीला बरोबर भिडेल. दोन्हीकडे अर्धवट जुळवण्यापेक्षा एकीकडे पूर्ण जुळणे केव्हाही चांगले.

दोन सेंटीमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. वरून पातळ पारदर्शक पिशवी उलटी घालून जोडाच्या खाली सैलसर बांधा. कलमे दाट सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवा. चाकू प्रत्येक मातृवेलानंतर स्पिरिटने पुसा. काडी कापल्यापासून बांधेपर्यंत ओल्या फडक्यात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

साधारण तीन-चार आठवड्यांनी नवा फुटवा दिसतो. मग पिशवीचा एक कोपरा कापा, तीन-चार दिवसांनी पिशवी काढा. आतली दमट हवा एकदम गेली तर कोवळी पाने तासाभरात लोळतात. पट्टी काढायची घाई मात्र नको, तीन महिन्यांनी उभी चीर देऊन सोडवा. पट्टी तशीच विसरली तर खोडात रुतते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडते. खुंटावर खालून फुटणारे कोंब आठवड्याला खुडत राहा. कोलुब्रिनम जोमदार आहे, दुर्लक्ष झाले की तोच वाढतो आणि काडी उपाशी राहते.

प्रश्न : पन्नास कलमे बांधली. पंधरा जगली, बाकी गेली. काहींची पाने आठवड्यात गळली, काही फुटून महिन्याभराने सुकली, काहींचा जोड काळा पडला. काय चुकले?

उत्तर : या तीन वेगळ्या चुका आहेत.

आठवड्यात पान गळून काडी हिरवीच राहिली असेल, तर ती लगेच टाकू नका, डोळा जिवंत असला तर फुटेल. काडीही सुरकुतली असेल तर पिशवीत दमटपणा नव्हता किंवा काडी बांधण्याआधीच सुकली होती.

फुटून मग सुकलेली कलमे फसवी असतात. काडी आपल्या साठ्यावर फुटते, जोड धरलेला नसतो, साठा संपला की फुटवा कोमेजतो. याचे कारण बहुधा सैल पट्टी किंवा साल न जुळणे. ‘फुटले म्हणजे जगले’ असे धरून पिशवी लवकर काढल्यानेही हेच होते. पहिले पान पूर्ण उघडून गडद होईपर्यंत थांबावे.

काळा जोड म्हणजे कूज. पिशवीत साठलेले पाणी चिरेत उतरले, चाकू अस्वच्छ होता, किंवा पाचर दोनदा तासली. पिशवी घालताना पाने ओली असू नयेत. पाणी वरून शिंपडू नका, बुडात द्या.

प्रश्न : कोलुब्रिनमवरची वेलकलमे चार वर्षे छान वाढली. आता पाने फिकट झाली आहेत, जोडाच्या वर फुगवटा आला आहे आणि घोस लहान पडताहेत. मुळे पांढरी व निरोगी आहेत. हा कोणता रोग?

उत्तर : हा रोग नाही, खुंट आणि वेल यांचे उशिरा लक्षात येणारे न जुळणे आहे. दोघांचे खोड सारख्या गतीने जाडावत नाही. वेल मोठा झाला की जोडातल्या रसवाहिन्या त्याची गरज भागवू शकत नाहीत. वर तयार झालेले अन्न खाली उतरताना जोडाशी अडते, म्हणून फुगवटा वर येतो. मोठ्या चढत्या वेलांमध्ये हा दोष चार-पाच वर्षांनी दिसतो, आणि कलमे विकताना त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

वेल अजून बऱ्यापैकी हिरवा असेल तर दुसरा खुंट देऊन पाहा. बुंध्याशेजारी कोलुब्रिनमचे पेन्सिलीएवढे रोप लावा. ते रुजले की त्याचा शेंडा तिरपा छाटा. जुन्या जोडाच्या वर वेलाच्या खोडावर तेवढ्याच लांबीचा काप घेऊन दोन्ही काप भिडवा आणि पट्टीने बांधा. दोन-तीन महिन्यांत जोड धरतो आणि वेलाला दुसरी वाट मिळते. अर्धी पाने गळून गेलेल्या वेलावर हा खटाटोप करू नका. नव्या लागवडीत हे काम रोपवाटिकेतच करून घ्यावे, म्हणजे एका काडीला सुरुवातीपासून दोन खुंट.

जोड मातीत गाडून वेलाला स्वतःची मुळे फुटू द्यावीत, असा सल्ला तुम्हाला मिळाला असल्याचेही तुम्ही लिहिले आहे. वेल तात्पुरता हिरवा होईल हे खरे. पण मिरीची मुळे मातीत गेली की फायटोफ्थोराला दार उघडे झाले, मग कलमाचा मूळ हेतूच संपला. ज्या जागी मर रोगाने वेल गेले आहेत तिथे असे मुळीच करू नका.

प्रश्न : लावताना खड्डा, खोली, पाणी यांत साध्या रोपापेक्षा काय वेगळे करायचे?

उत्तर : जोड मातीच्या बराच वर राहिला पाहिजे, आणि आच्छादनाचा पालापाचोळाही त्याला टेकता कामा नये. जोडाच्या वरच्या पहिल्या दोन-तीन पेरांची चिकटमुळे कधी कधी आधाराच्या सालीवरून खाली मातीपर्यंत येतात, ती पावसाळ्यात दोनदा कात्रीने कापा. जोडाच्या खालच्या, कोलुब्रिनमच्या पेरांना मुळे फुटली तर ती राहू द्या, ती कामाची आहेत.

पाण्याबाबत साधा वेल आणि हे कलम यांची सवय वेगळी. साधी मिरी साचलेल्या पाण्यात मरते, कोलुब्रिनम कोरड्यात. म्हणून पाणथळ, ओलसर जागी ही कलमे शोभतात. उन्हाळ्यात पाण्याची सोय नसलेल्या उतारावर ती लावू नका. तिथे साधे वेल, निचरा आणि शेणखतातून ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी), हेच बरे.

प्रश्न : कुंडीत लावायला कलमी झुडूप मिरी चांगली की साधी?

उत्तर : कलमी. फळफांदीच्या काडीला मुळे फुटायला वेळ लागतो आणि बऱ्याच काड्या वाया जातात. तयार खुंटावर ती लवकर उभी राहते. झुडपाचा पसारा लहान असल्याने न जुळण्याचा त्रासही वेलाइतका जाणवत नाही. कोलुब्रिनमचा सर्वांत चांगला उपयोग आमच्या मते हाच. कुंडीसाठी खुंट थोडा खाली, 10 ते 15 सेंटीमीटरवर छाटला तरी चालतो, पण आडव्या फांद्या मातीला टेकू देऊ नका. कुंडी 35 ते 40 सेंटीमीटर व्यासाची घ्या. माती एकदाही पूर्ण सुकू नये. पन्नियूर-1 या जातीला दाट सावली मानवत नाही, सावलीची जागा असेल तर करीमुंडा घ्यावी.

प्रश्न : नागवेल किंवा पिंपळी घरी आहे. त्यांवर मिरी बांधता येईल का? आंब्यावर मिरीचे कलम होते असेही ऐकले.

उत्तर : नागवेलीवर जोड धरला तरी उपयोग नाही, कारण पानवेलीची मुळेही फायटोफ्थोराने कुजतात. पिंपळीचे खोड बारीक, ते वाढत्या मिरीला पुरत नाही. आंब्यावर मिरी फक्त चढते. दोघांची कुळे वेगळी असल्याने त्यांचा जोड होत नाही.