पाळीआधीची उदासी: प्रबंधाची सुरुवात

एकदाच फॉर्म भरून घेऊन ‘पीएमडीडी’ (पाळीआधीच्या तीव्र उदासी-चिडचिडीचा विकार) ठरवू नका. नवख्यांची पहिली चूक हीच. आठवून सांगितलेली लक्षणं फुगतात. डीएसएम-५ला (मनोविकारांची अमेरिकन निदानपुस्तिका, २०१३) किमान दोन पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदी लागतात.

- नोंद त्याच रात्री, १ ते ६ गुणांत. ‘मूड’ नको, चिडचिड, रडू येणं असं विचारा.
- पाळीनंतरचा आठवडा जवळपास कोरा हवा. तेव्हाही मन खचलेलंच असेल तर बहुधा ते पाळीआधी वाढणारं नैराश्य. गट वेगळा ठेवा.
- पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मागचे दोन आठवडे विचारते, म्हणून चक्राचा दिवस लिहाच. नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) होकार आला तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवा, त्या सहभागी स्त्रीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या.

दापोली-गुहागरकडे भातलावणीचे दिवस टाळा. चिखलाच्या हातांनी वही कोण उघडणार?