दुकानातला आजारी, दुर्लक्षित पक्षी दया येते म्हणून विकत घ्यावा का?

शक्यतो नको. तुमची दया दुकानदाराच्या लेखी नुसती विक्री. पिंजरा रिकामा झाला की तो दुसरा पक्षी आणून कोंबणार. आधी फोटो काढून प्राणी कल्याण संस्थेकडे तक्रार करा.

तरीही जीव राहवत नसेल, तर थोडा वेळ लांबून बघा. पक्षी आजार लपवतात. पिसं फुलवून तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपटी खालीवर होणारा पक्षी म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलंय. घरात आणखी पक्षी असतील तर याला निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून सिटॅकोसिस हा श्वासातून पसरणारा जिवाणूसंसर्ग माणसालाही होतो, तेव्हा वाळलेली विष्ठा झाडू नका, ओली करून पुसा. पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर मात्र आधीच शोधून ठेवा. त्याचं बिल पक्ष्याच्या किमतीला सहज मागे टाकतं.