डिकीत पाणी, दोष रबराला

जुन्या गाड्यांच्या मागच्या काचेविषयी लिहा, असा आग्रह बरेच दिवस होता. इथे हॅच म्हणजे काचेसकट वर उचलला जाणारा मागचा दरवाजा, त्यातही ज्यात पत्रा नावापुरता आणि बाकी सगळी काचच, असा. आलेल्या प्रश्नांपैकी बऱ्याचशांची सुरुवात ‘नवीन रबर बसवलं, तरी...’ अशीच आहे. म्हणून तोच प्रश्न आधी घेतो.

प्रश्न: हॅचभोवतीचं रबर नवीन आणि कंपनीचंच बसवलं. तरी जोराचा पाऊस झाला की स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी साचतं. रबर खराब निघालं का?

रबर बिचारं निर्दोष असण्याची शक्यताच जास्त. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. स्टेपनीचा खड्डा ही मागच्या भागातली सर्वांत खोल जागा, त्यामुळे कुठूनही शिरलेलं पाणी शेवटी तिथेच येऊन थांबतं. ते मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून आलेलं असेल, छताच्या पन्हळीत तडकलेल्या सीलरमधून, अँटेनाच्या बुडातून, नाहीतर बंपरमागे लपलेल्या, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या कडेने. मागे वायपर असेल तर त्याच्या दांड्याचं रबर बघा आणि काचेवर पाणी उडवणारी नळीही. ती नळी आतल्या आत निसटली असेल तर पाऊस नसतानाही डिकी ओली होते, वॉशरची टाकी लवकर रिकामी होते आणि साचलेल्या पाण्याला साबणाचा वास येतो. गळतीचा शोध नाकाने लागतो तो हा एकच प्रकार, आणि नेमका तोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शोध घ्यायचा तर डिकी पूर्ण रिकामी करा. कार्पेट, खालचा पुठ्ठा, बाजूची प्लॅस्टिकची पॅनेल, स्टेपनी, सगळं बाहेर. पत्रा फडक्याने कोरडा करा आणि सांध्यांवर, पन्हळीखाली, दिव्यांच्या मागे टाल्कम पावडर भुरभुरवा. मग मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याचा पाइप धरायचा. पाइपला नोझल लावू नका, नुसतं वाहतं पाणी पुरे. सुरुवात खालून करायची: आधी बंपरची रेष, मग दिवे, मग काचेची खालची कड, मग दोन्ही बाजू आणि सर्वांत शेवटी छत व बिजागऱ्या. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर सगळंच एकदम भिजतं आणि कळत काहीच नाही. पाणी आत शिरलं की पावडरीवर करडी रेघ उमटते. तिच्या वरच्या टोकाशी तुमचा चोर.

प्रेशर वॉशर मात्र लांब ठेवा. तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि मग नसलेल्या गळतीमागे दोन सुट्ट्या जातात.

एवढं करूनही बोट रबराकडेच वळलं तर कागदाची पट्टी रबरावर ठेवून हॅच बंद करा आणि ती ओढून बघा. सगळीकडे सारखा ताण लागला पाहिजे. जिथे पट्टी सरकन निघून येते तिथे दाब नाही. तरीही लगेच दुसरं रबर आणू नका. नवीन रबर जुन्यापेक्षा फुगीर असतं, आणि लॅचची (हॅच अडकवणाऱ्या कडीची) जागा व हॅच जिथे टेकते ते रबरी बफर यांची सेटिंग मात्र चपट्या झालेल्या जुन्या रबरासाठी केलेली असते. परिणामी हॅच एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला उचललेली राहते. लॅचचे बोल्ट सैल करून किंचित खाली घ्या, बफर अर्धा-अर्धा फेरा फिरवा, पुन्हा पट्टी लावा. तासभराचं काम आहे, पण कंटाळवाणं, म्हणून कोणी करत नाही.

आणखी एक: रबर ताणून बसवलंय का ते कोपऱ्यात बघा. ताणलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं आणि कोपऱ्यात कडेपासून सुटतं. कोपऱ्यात ते उलट थोडं ढकलून, सैलसर द्यायचं असतं. जोड खालच्या कडेला मध्यावर यावा, बिजागऱ्यांजवळ नाही.

प्रश्न: माझ्याकडे जुनी पोर्शे ९४४ आहे. हॅच उघडताना कोपऱ्यात काच आणि फ्रेम यांच्यामध्ये फट दिसते, नख जाईल एवढी. त्या फटीत सीलंट भरलं तर चालेल का?

नाही. पाणी ही इथे सर्वांत किरकोळ तक्रार आहे. १९७६ मध्ये आलेल्या पोर्शेच्याच ९२४ पासून या गाड्यांची हॅच म्हणजे धातूच्या फ्रेमला चिकटवलेली मोठी वक्र काच. वय झालं की हा चिकटवलेला जोड सुटतो, हे या गाड्या सांभाळणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे. आज नख जातंय, पुढे बोट जाईल.

तो का सुटतो, हे समजलं की दुरुस्ती कशी करायची तेही समजतं. एक कारण गॅस शॉकर, म्हणजे हॅच वर उचलून धरणारे, आत वायू भरलेले दांडे. हॅच बंद असते तेव्हा ते पूर्ण दाबलेले असतात, म्हणजे गाडी उभी असतानाही ते रात्रंदिवस फ्रेमवर जोर लावत राहतात. ऊन लागलं की आतला वायू तापून जोर वाढतो, दर १० अंशांना साधारण ३.५ टक्के. दुसरं कारण म्हणजे काच आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची धरली तर १ मीटर लांबीत, ५० अंशांच्या फरकाला ती सुमारे १.१५ मिलिमीटर वाढते आणि काच फक्त ०.४५. उरलेले ०.७ मिलिमीटर कोणी सोसायचे? मधल्या चिकटवणीने. म्हणून ती लवचिक हवी आणि तिला जाडीही हवी. इपॉक्सीने घट्ट बसवलेली काच पहिल्या काही दिवसांत छान दिसते, मग तडकते किंवा सुटते.

फटीत बाहेरून काहीही भरलं तरी ते जुन्या, धुळीने माखलेल्या चिकटवणीवरच बसतं. नीट काम म्हणजे हॅच उतरवायची, काच आणि फ्रेम पूर्ण वेगळी करायची आणि पुन्हा चिकटवायची. उतरवताना दोन माणसं हवीतच. आधी डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तापणाऱ्या रेघांच्या) वायरी सोडवा, मग हॅचला आधार देऊन शॉकर, शेवटी बिजागऱ्या. उरलेली चिकटवण पोलादी तारेने कापतात, दोन टोकांना लाकडी मुठी बांधून, करवतीसारखी मागे-पुढे ओढत. धातूचं पातं काचेच्या कडेत खुपसू नका. ही काच टेम्पर्ड असते. मधोमध बुक्की सहन करेल, पण कडेला टोचलं तर क्षणात तांदळाएवढे तुकडे. आतल्या बाजूने खरवडताना डीफॉगरच्या रेघाही सांभाळा, ब्लेडचा एक फटकारा पुरतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी. चिकटवण लावण्याआधी फ्रेम आणि काच कोरडीच एकमेकांवर ठेवून बघा. फ्रेम वाकलेली असेल तर एखादा कोपरा उचललेला दिसेल. तशीच दाबून चिकटवलीत तर ती स्प्रिंगसारखी ताणात राहते आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा सुटते. आधी फ्रेमचा बाक काढा. गंज असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि इपॉक्सी प्रायमर मारा.

मग चिकटवण: काचा बसवण्यासाठी मिळणारं पॉलियुरेथेन. काचेला काचेचा प्रायमर, धातूला धातूचा, दोन्हींना सांगितलेला वेळ सुकू द्या. काचेच्या कडेची काळी पट्टी नुसती शोभेची नसते, ती चिकटवणीचं उन्हापासून रक्षण करते. ती जिथे खरवडली गेली असेल तिथे काळा प्रायमर चुकवू नका. नोझलला ‘व्ही’ आकाराची खाच देऊन उभी, त्रिकोणी धार सोडा, मध्ये कुठेही न तोडता. काही ठिकाणी ३-४ मिलिमीटरचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे काच दाबताना सगळी चिकटवण बाहेर पळणार नाही. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, बाहेरून आत, दिवसाला काही मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागलं तरी आत ते कच्चंच असतं. शॉकर जोडायला आठवडाभर तरी थांबा. तोवर हॅच उघडायचीच झाली तर काठीचा टेकू.

प्रश्न: आधीच्या मालकाने काचेभोवती सगळीकडे सिलिकॉन फासलंय. त्यावरूनच नवीन सीलंट मारता येईल?

त्यावर काहीही चिकटत नाही. ना पॉलियुरेथेन, ना रंग, ना दुसरं सिलिकॉन धड. शिवाय बाथरूमसाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने उघडा पत्रा गंजतो. म्हणजे गळती बंद झाल्यासारखी वाटते आणि आत पत्रा खाल्ला जातो. मी स्वतः उमेदीच्या काळात हे केलेलं आहे. दोन वर्षं ‘झाली बघा दुरुस्ती’ म्हणून मिरवलो, मग रबर काढलं तेव्हा खालची पत्र्याची कड बोटाने मोडली.

प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, मग सिलिकॉन काढण्याचं द्रावण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दर वेळी स्वच्छ फडकं. झालं असं वाटलं की त्या जागी पाण्याचा हलका फवारा मारा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर जागा स्वच्छ. पाणी गोळा होऊन थेंब सुटे झाले तर सिलिकॉन अजून तिथेच आहे. पुन्हा खरवडा. माझा अनुभव, चार वेळा तरी करावं लागतं.

प्रश्न: हॅच वर टिकत नाही, म्हणून जास्त ताकदीचे शॉकर बसवू का?

वरचं ९४४चं उत्तर वाचलंत तर नको म्हणाल. शॉकरच्या नळीवर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते, त्याच आकड्याचे घ्या आणि जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना असला की हॅचला पीळ पडतो आणि काच तिरकी उचलली जाते. हॅच बंद असताना बारीक दांडा खालच्या बाजूला राहील असे बसवा. आतलं थोडंसं तेल मग सीलवर राहतं आणि ते सुकत नाही. जुने शॉकर कापू नका, भोकं पाडू नका, जाळात टाकू नका. निकामी वाटले तरी आत नायट्रोजन दाबाखाली असतो.

प्रश्न: माझ्या गाडीत फ्रेमच नाही. बिजागऱ्यांचे बोल्ट थेट काचेतून जातात आणि नेमकं तिथूनच ठिबकतं. नट आवळून पाहू का?

हात आवरा! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या व्होल्वो १८०० ईएसची मागची हॅच अशीच, नुसत्या काचेची. अशा काचेत धातू काचेला कुठेही टेकता कामा नये. बोल्टभोवती बुश आणि दोन्ही बाजूंना मऊ वॉशर असतात. ते वयाने दगड होतात, म्हणून पाणी येतं. नट आवळला की तो दगड काचेवर दाबला जातो, एवढंच. मी एकदा ‘अजून पाव फेरा’ म्हणून पाना फिरवला होता. फटाक्यासारखा आवाज झाला आणि हातात पाना आणि बिजागरी उरली, काच डिकीभर.

बुश आणि वॉशर बदला, भोकात वास न मारणारं न्यूट्रल सिलिकॉन किंवा ब्यूटाइल (मऊ, चिकट सीलंट) थोडंसं लावा आणि नट त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळण्याच्या जोरालाच आवळा, टॉर्क पाना वापरून. अंदाज नको.

प्रश्न: पाणी अजिबात येत नाही, पण हायवेवर मागून धुराचा वास येतो आणि डिकीत धूळ बसते. हे वेगळं दुखणं का?

दुखणं तेच, पण जास्त गंभीर. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरमधला धूर आणि रस्त्यावरची धूळ तिथेच घोटाळते आणि मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. वास येतोय हे नशीब म्हणा, कारण त्याच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फट सापडेपर्यंत हॅच अर्धवट उघडी ठेवून गाडी अजिबात चालवू नका, पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवा आणि समोरचे व्हेंट उघडे. डोकं जड वाटलं किंवा मळमळलं तर गाडी थांबवून उतरा. फट शोधायला पंखा पूर्ण वेगावर लावा, सगळी दारं-काचा बंद करा आणि बाहेरून कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसतील तिथे फट. त्याच वेळी सायलेन्सरचे सांधेही तपासा.

प्रश्न: रबर मऊ राहावं म्हणून इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावतो. बरोबर?

नाही. हे रबर बहुधा ईपीडीएमचं (एका प्रकारच्या कृत्रिम रबराचं) असतं, खनिज तेलाने ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, किंवा ग्लिसरीन. आणि जिथे सीलंट लावायचंय तिथे ग्रीस आधी नाही, काम झाल्यावर.