‘लीन’ला मराठी शब्द: सडीक

तुमसरजवळच्या एका राईस मिलमधील वाचकाने विचारले आहे की, प्रशिक्षकाने फळ्यावर लिहिलेल्या ‘लीन’ (कारखान्यातील कामाच्या एका पद्धतीचे नाव, इंग्रजी lean) या शब्दातील ‘ली’ ऱ्हस्व हवी की दीर्घ, आणि लीन म्हणजे काटकसर, हे त्याचे सांगणे बरोबर आहे का. काटकसरीचा हा अर्थ इतक्यांदा कानी आला आहे की आता राग आवरत नाही. दिवे मालवणे, हमाल कमी करणे ही काटकसर. एमआयटीतील संशोधक जॉन क्राफ्सिक यांनी १९८८ मध्ये टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला ‘लीन’ म्हटले, त्या पद्धतीचा रोख मात्र गिऱ्हाईक ज्याचे पैसे देत नाही अशा थांबण्यावर, साठवण्यावर आणि विनाकारण हलवाहलवीवर होता. तल्लीन, विलीन यांतला संस्कृत ‘लीन’ तर याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

या कामाला साजेसा शब्द धान पिकवणाऱ्या आपल्या मुलखाच्या उखळातच आहे: सडणे. धानावर मुसळाचे घाव पडतात, तूस सुटते, सुपात पाखडले की उडून जाते, आणि उरतो तो सडीक तांदूळ. कुजण्याचे ‘सडणे’ अगदी निराळे, असे माझे एक व्याकरणप्रेमी स्नेही ठणकावून सांगतात; मला ते मुळीच पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘शद्लृ शातने’ आहे, झडणे-गळणे हा त्याचा भाव, आणि कुजते फळ काय नि कांडला जाणारा दाणा काय, दोन्हींतून काहीतरी गळतच असते. माझा तर्क पुढेही धावतो: सडाफटिंग माणूस आणि बुणगे मागे ठेवून निघालेली सडी फौज, दोघांचेही तूस झडलेलेच असते. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, असे स्नेह्यांनी यावर सुनावले. त्यांनी मुसळ कधी हातात धरलेले नाही, एवढेच मी म्हणेन.

हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा तांबूस थर राहतो, आणि दाण्याचे बरेचसे सत्त्व त्यातच असते. पॉलिशचे यंत्र तोही खरवडून काढते. हमाल काढून ‘आम्ही लीन झालो’ म्हणणारे मालक नेमका कोंडा काढतात आणि तूस जपतात: गोदामात महिनोन्महिने थप्प्या, फाटकाशी दिवसभर खोळंबलेला ट्रक. म्हणून मी ‘सडीक कामकाज’ असे म्हणेन.

‘ली’ दीर्घच लिहावी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर अकारान्त शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार मराठीत दीर्घ असतो.