कमी गुण दिले, तर मूल खचेल का?

गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच काळजी दोन बाजूंनी येते आहे. एका बाजूला पालक असतात. नववीतल्या एका मुलाची आई मध्यंतरी सांगत होती, "मॅडम, पत्रलेखनाला याला सहापैकी साडेपाच गुण आहेत. आजोबांच्या पेन्शनसाठी बँकेला अर्ज लिहायला सांगितला, तर वर दिनांक, 'प्रति', 'विषय' सगळं जागच्या जागी, खाली 'आपला विश्वासू' पण बरोबर. मधे मात्र काहीच नाही. पेन्शन दोन महिने जमा झाली नाही, एवढंसुद्धा त्याला लिहिता आलं नाही." दुसऱ्या बाजूला शिक्षक असतात, विशेषतः भाषा शिकवणारे. लेखन कच्चे आहे हे दिसत असूनही कमी गुण द्यायला त्यांचा हात धजत नाही. कमी दिले आणि मूल खचले तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एका शिक्षिकेच्या अनुभवातून सविस्तर द्यावे असे वाटले. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण सुमेधाबाई म्हणू. एका अनुदानित शाळेत त्या नववी-दहावीला मराठी शिकवतात. माझ्याकडे त्या गुणांची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते आणि रविवारी दुपारी वह्यांचा गठ्ठा समोर घेतला की धडधडायला लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

"गठ्ठ्यात असं काय असतं?" मी विचारले.

"काही नसतं, तेच तर आहे. आठपैकी सहा, साडेसहा, सात. सगळ्यांना तेच. वह्या तपासून होतात, पण तपासल्यासारखं वाटत नाही."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत, एखादी तुकडी जाते, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या, यादीत लागतो. त्यामुळे पालक नाराज होऊ नयेत, अशी मुख्याध्यापकांची सूचना असते. ती लेखी नसते, पण सर्वांना समजलेली असते. एका वर्षी बाईंनी एका मुलाला आठपैकी अडीच गुण दिले, तेव्हा त्याचे वडील शाळेत येऊन सर्वांसमोर म्हणाले होते, "भाषेत कोण नापास करतं का?" त्या दिवसापासून बाईंची खालची मर्यादा पाचवर येऊन थांबली.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अशा चर्चेत सगळा दोष एकट्या शिक्षकावर टाकला जातो. 2019 साली भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले आणि पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा घेतली, तेव्हा दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. आरडाओरड झाली, ते 20 गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, म्हणून सारा फरक या 20 गुणांचा आहे असे मी म्हणणार नाही. पण शाळांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले. 2021 मध्ये परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो 99.95 टक्के होता. असे आकडे दरवर्षी टाळ्यांच्या गजरात जाहीर होत असताना एखाद्या बाईंनी आपल्या वर्गापुरते कठोर व्हावे, ही अपेक्षा सोपी नाही.

आठवीपर्यंत 'ढकलपास' म्हणून ज्या कायद्याला नावे ठेवली गेली, तो 2009 चा शिक्षण हक्क कायदाही गुणांची खिरापत वाटा असे कुठेच सांगत नाही. त्याच्या कलम 29 मध्ये मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याबद्दल लिहिले आहे, आणि त्याच वाक्यात त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडायला मदत करावी असेही म्हटले आहे. पहिला अर्धा भाग आपण पाठ केला. दुसऱ्या अर्ध्यासाठी मुलाने लिहिलेले कोणीतरी वाचावे लागते, आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने लिहायच्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवरून उतरवून घेण्याची सवय लागली, तिथे ते वाचणे संपले.

सुमेधाबाईंचे पक्के मत होते, की मुलाला वाईट वाटता कामा नये. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची आहे, त्यामुळे अशा 'कामा नये'पाशी मी नेहमी थांबते. वाईट वाटणे आणि खचणे यांत मोठे अंतर असते. वाईट वाटलेले मूल दुसऱ्या दिवशी काहीतरी करते. खचलेले मूल करणे सोडून देते.

"कमी गुणांमुळे खरोखर खचलेला विद्यार्थी तुम्हाला आठवतो का?" मी विचारले.

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "एक मुलगी होती. फार वर्षं झाली. मी दहापैकी तीन दिले होते, रडली होती खूप."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी. म्हणाली, बाई, कुठे चुकलं ते सांगा."

"आणि ज्याने लिहिणं सोडलं, असा कोणी?"

"आहे. पण त्याचं वेगळं होतं. एका सरांनी त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि सगळे हसले."

हा फरक त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला, हे मला महत्त्वाचे वाटते. मुलीला मिळालेला आकडा लहान होता, पण त्याच्यामागे तिचे लेखन वाचणारी व्यक्ती होती, म्हणून ती परत आली. मुलाला आकड्याने नव्हे, तर अपमानाने तोडले. कृतीचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, असे एलिस सांगत. शाळेत मात्र दोन्ही एकाच लाल शाईने होते, आणि त्या गोंधळात आपण मुलाचा मान राखण्यासाठी त्याच्या कामाविषयी खोटे बोलू लागतो.

पुढच्या भेटीला मी त्यांना तपासून झालेल्या काही वह्या घेऊन यायला सांगितल्या. एका वहीतले प्रसंगलेखन त्या मला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. विषय पावसाळ्यातल्या एका दिवसाचा होता. "ग्रीष्माच्या दाहाने तृषार्त झालेली वसुंधरा मेघराजाची आतुरतेने वाट पाहत होती," अशी सुरुवात होती, म्हणजे सरळ गाइडातली. मोर होते, चातक होता, इंद्रधनुष्यही होते. बाई एका सुरात वाचत गेल्या. दुसऱ्या पानावर वाक्य आले: "त्या दिवशी आमच्या खोलीत पाणि शिरले तेव्हा आईने पहिले माझे दप्तर माळ्यावर टाकले आणि मग गॅस."

त्या थांबल्या. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचले, या वेळी हळू. मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली. पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत एकच तिरकी लाल खूण ओढलेली होती, ती बरोबर या ओळीवरून गेली होती. 'पाणि'मधली ऱ्हस्व वेलांटी तशीच राहिली होती. तळाशी आठपैकी सात गुण आणि 'छान' हा शेरा होता.

"हे मी वाचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जागा सोडायची असते, आणि ती सोडता येणे हे मी या व्यवसायात कष्टाने मिळवलेले कसब आहे. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सुरू केले. "त्याच्या आईनं आधी दप्तर उचललं. मी त्याला सात दिले ते मोरासाठी. गाइडासाठी. ह्या ओळीसाठी मी त्याला काहीच दिलं नाही."

"या निबंधाला तुम्ही आज किती द्याल?"

"चार. फार तर साडेचार. सगळं उसनं आहे, एक ओळ सोडून."

"आणि चार दिल्यावर तो खचेल?"

"कशाला खचेल?" त्या जवळजवळ चिडूनच म्हणाल्या. "मी त्याला विचारीन ना, मग पुढे काय झालं?"

मी पुष्कळ शिक्षकांशी बोलले आहे, पण उत्तर इतके स्वच्छ रूपात मला त्या दिवशी सापडले. सढळ हाताने दिलेले गुण दयाळू असतात, हा समज चुकीचा आहे. न वाचता दिलेला सात मुलाची चूक झाकतो, तसेच त्याचे चांगलेही झाकतो, आणि मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, की इथे आपण काय लिहिले याला महत्त्व नाही. याची झळ चांगले लिहिणाऱ्यांनाही लागते. बाईंच्या वर्गातली एक मुलगी मनापासून तीन-तीन पाने लिहीत असे. तिलाही सातच आणि शेजारी गाइड उतरवणाऱ्यालाही सातच, हे दोनचारदा पाहिल्यावर तिने लिहिणे एका पानावर आणून ठेवले होते. आणि मूल खचेल ही भीती बहुतेक वेळा मुलाची नसतेच. आपल्याला पालकांसमोर, मुख्याध्यापकांसमोर अस्वस्थ व्हावे लागू नये, यासाठी मोठ्यांनी ती मुलाच्या नावावर टाकलेली असते. हे ऐकायला कठोर वाटेल, पण सुमेधाबाईंनी ते शांतपणे मान्य केले, आणि झोप लागायला त्यानंतरच सुरुवात झाली.

पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. दोन तुकड्यांच्या मिळून सव्वाशेच्या घरात वह्या असतील, तर प्रत्येक ओळ वाचणे शक्य नाही. म्हणून आम्ही असे ठरवले, की दर पंधरवड्याला वर्गातल्या एक तृतीयांश मुलांचेच लेखन नीट वाचायचे, आणि ते दोनदा. पहिल्या वेळी गुण अजिबात द्यायचे नाहीत, फक्त शेरा लिहायचा: कोणते वाक्य पोचले, कुठे आणखी हवे आहे आणि कोणती एक चूक सुधारायची. दुसऱ्या खर्ड्याला गुण द्यायचे आणि ते खरे द्यायचे. यामागे माझ्या आवडीचे एक जुने संशोधन आहे. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांचे काम सुधारले, केवळ गुण मिळालेल्यांचे सुधारले नाही, आणि ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांनाही शेऱ्याचा फारसा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल खालचे वाचत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल.

बोर्डाच्या 20 गुणांशी किंवा मुख्याध्यापकांशी बाईंनी भांडण काढले नाही. बदल वहीपुरता ठेवला. पालकसभेत त्यांनी एका मुलाचे दोन्ही खर्डे, त्याच्या संमतीने, नाव झाकून शेजारी शेजारी ठेवले आणि पालकांना वाचायला दिले. दोघातिघांनी तरीही तक्रार केली आणि त्यांची मुले ट्यूशनमधल्या बाईंचे दाखले देत राहिली. बाकीच्यांना मात्र दोन खर्ड्यांमधला फरक डोळ्यांनी दिसला होता. दप्तराच्या ओळीच्या मुलाने दुसरा खर्डा दीड पानाचा आणला. त्यात मोर नव्हता. शेजारच्या काकू होत्या, ओली गादी होती, आणि रात्री सगळे जण माळ्याखाली बसून राहिले ते होते. त्याला आठपैकी पाच मिळाले आणि तो अर्ध्या गुणासाठी बाईंशी मधली सुट्टी संपेपर्यंत वाद घालत होता.

पालकांनी या बाबतीत घरी काय करावे, हेही मला वारंवार विचारले जाते. गुणपत्रिकेवरचा आकडा विचारण्याआधी मुलाची वही उघडून एक परिच्छेद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्यात त्याचे स्वतःचे एक तरी वाक्य आहे का, ते पाहावे; असेल, तर त्याच्याबद्दल आधी बोलावे. आठपैकी चार मिळाले म्हणून शाळेत जायचेच असेल, तर गुण वाढवून मागू नयेत, शेरा मागावा. घरात अर्ज, तक्रार, सोसायटीची सूचना लिहायची वेळ येतेच. ते काम मुलाकडे द्यावे आणि त्याने लिहिलेलेच पाठवावे.

अपवाद एका प्रकारच्या मुलांचा आहे, आणि त्यांच्यासाठी खरे मूल्यमापन आणखीच गरजेचे असते. सुमेधाबाईंच्या वर्गात एक मुलगी तोंडी उत्तरे सुरेख द्यायची, पण तिच्या लेखनात अक्षरे गळलेली, ओळी तुटलेल्या असत. तिलाही वर्षानुवर्षे सहा-साडेसहा गुण मिळत आल्यामुळे कोणाला काही जाणवले नव्हते. पहिल्याच नीट वाचलेल्या खर्ड्यात बाईंना शंका आली, त्यांनी तिच्या पालकांना माझ्याकडे पाठवले, मी पुढे अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवले आणि निदान लेखन अक्षमतेचे निघाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्या सवलती म्हणजे मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मात्र त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, तपासणीच्या तारखा लवकर मिळत नाहीत आणि शाळेने प्रस्ताव बोर्डाकडे वेळेत पाठवावा लागतो. म्हणून मुलाच्या बोलण्यात आणि लिहिण्यात असे अंतर दिसत असेल, तर दहावीचे फॉर्म भरायची वाट न पाहता आठवी-नववीतच तपासणी करून घ्यावी.