रिपोर्ट निगेटिव्ह, तरी हात सुजलेलाच

“मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, मग सूज का जाईना?” हा प्रश्न मला बरेचदा ऐकावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार ताई हेच विचारत आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

दोन्ही हातांची बोटं मुळाशी फुगलेली. चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. कपाच्या कानात बोट जातच नव्हतं. तीन महिने झाले होते. घरचे म्हणत, दिवसभर विड्या वळल्यावर हात सुजणारच. मी विचारलं, “सकाळच्या भाकरी कोण थापतं?”

“आता सूनच. नऊ वाजेस्तोवर माझी मूठच मिटत नाही. मग हळूहळू हात सुटतो.”

इथेच मला शंका आली. कामाने दुखावलेला हात रात्रभराच्या विश्रांतीनंतर सहसा हलका होतो. सकाळी तासभर आखडणारा, दोन्हीकडे सारखाच सुजलेला हात सहा आठवड्यांत उतरला नाही, तर आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे का, हे बघायलाच हवं. त्यांचा आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह होता, पण तेवढ्यावर आमवात नाही असं म्हणता येत नाही. कितीतरी रुग्णांत तो निगेटिव्हच येतो.

कारणं दुसरीही असतात. अख्खं बोट फुगलंय आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत, तर सोरायसिसचा संधिवात. गालांवर लाली, तोंडात फोड, तर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात, कातडी ताठते, तर स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक करणारा आजार. चिकनगुनियानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात. चेहरा आणि पायही सुजत असतील तर मूत्रपिंड, थायरॉइड तपासावं लागतं.

ताईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्यांच्या आईची बोटं वाकडी झाली होती. “माझी झाली तर विड्या कोण वळणार?” म्हणून त्या तीन महिने डॉक्टरांकडेच गेल्या नव्हत्या; परस्पर काढलेला रिपोर्ट आणि मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या, एवढंच. मला फार वाईट वाटलं, कारण बोटं वाचवायची तर हेच सुरुवातीचे महिने मोलाचे.

संधिवाततज्ज्ञांकडे अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. आम्ही कॅलेंडरवर प्रत्येक रविवारभोवती लाल गोल केला. गोळ्यांचा डबा सूनबाईंनी स्वतःकडे ठेवलाय.