लाल बोया डाव्या हाताला का उजव्या?

प्रश्न: नमस्कार. आम्ही पैठणकडचे. दिवाळीत गेटवेवरून मांडव्याला लाँचनं गेलो, वाटेत पाण्यात लाल न हिरवे मोठे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दिसले. तांडेल (लाँच चालवणारा) म्हणला बंदरात येताना लाल डाव्या हाताला ठेवायचा, आणि अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणतो उजव्या! खरं कुणाचं? दुसरं म्हणजे मेव्हण्यानं नाथसागरात मासे धरायला इंजिनाची होडी घेतलीय, तिथं असे बोये कामून दिसत नाहीत?

उत्तर: भाऊ, दोघंबी खरं बोलतायत. जगात दोन विभाग आहेत, ए आणि बी. भारत, युरोप, आफ्रिका ए मधे, तिथं समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडं न हिरवा उजवीकडं. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स बी मधे, तिथं बरोब्बर उलटं. पूर्वी तर तीसच्या वर पद्धती होत्या. 1971 ला इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत एक जहाज बुडालं, दुसऱ्या दिवशी त्याच्याच सांगाड्यावर दुसरं आदळलं, मग तिथं खुणा लावल्या तरी पुढच्या महिन्यात तिसरं जाऊन धडकलं, म्हणजे खुणा असून उपयोग काय. शेवटी 1980 ला बरेच देश एकत्र बसले न एक पद्धत ठरली, फक्त लाल-हिरव्याचं काही जमलं नाही म्हणून हे दोन विभाग राहिले.

आता लोक चुकतात कुठं, तर नुसता रंग पाठ करतात. तुम्ही आत येताय का बाहेर चाललाय हे आधी बघा, बाहेर जाताना तोच लाल तुमच्या उजव्या हाताला येणार. होडीला रात्री डावीकडं लाल न उजवीकडं हिरवा दिवा असतो ना, मग आपल्याकडं आत येताना लाल दिव्याच्या बाजूला लाल बोया, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. उन्हात रंग उडालेला असला तर आकार बघायचा, लाल डब्यासारखा चपटा न हिरवा वर निमुळता.

खरी गंमत पिवळ्या-काळ्या बोयात आहे, आणि मला विचाराल तर लाल-हिरव्यापेक्षा हाच आधी शिकावा. हा धोक्याच्या कोणत्या दिशेला पाणी सुरक्षित आहे ते सांगतो. डोक्यावर दोन काळे शंकू असतात आणि त्यांची टोकं ज्या बाजूला, त्याच बाजूला बोयाचा काळा रंग. दोन्ही टोकं वर म्हणजे काळा वर, हा उत्तरेचा, याच्या उत्तरेकडून जायचं. दोन्ही खाली म्हणजे दक्षिण. टोकं एकमेकांपासून लांब, एक वर एक खाली, तर पूर्व, काळा वर न खाली, मधे पिवळा. टोकाला टोक भिडलं तर पश्चिम, काळा पट्टा मधे. रात्री दिवा घड्याळासारखा मोजायचा: पूर्वेला 3 लुकलुक, दक्षिणेला 6 न मागून एक लांब, पश्चिमेला 9, उत्तरेला सारखा लुकलुकत राहतो. काळ्यावर लाल पट्टा न वर दोन काळे गोळे दिसले तर खडक तिथंच खाली आहे, लांबून जा.

मेव्हण्याचं म्हणाल तर धरणाचा जलाशय म्हणजे बंदर नाही, लाल-हिरवे बोये जहाजांच्या ठरलेल्या वाटेच्या, म्हणजे चॅनलच्या, कडा दाखवतात, तिथं चॅनलच नाही तर कडा कशाला दाखवतील. म्हणून तिथं लाल ड्रम तरंगताना दिसला तर समुद्राचा नियम लावू नका, बहुतेक कुणाचं तरी जाळं असतंय. थर्माकोल न प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग दिसली की शेवटच्या बाटलीपर्यंत जाऊन वळसा घ्या, मधून घातली की दोरी पंख्यात गुंतलीच, आणि इंजिन चालू ठेवून हात घालून सोडवायचं तर अजिबात नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, बुंधे वरच्या थराला येतात, तेव्हा आधी चप्पूवाल्या जुन्या भोयांना विचारून घ्या कुठून न्यायची ते. दरवाज्यांच्या अंगाला दोर नायतर तरंगत्या पिंपांची ओळ असली तर तिच्या पलीकडं जायचंच नाही, पाणी सोडलं की छोट्या इंजिनाला ती ओढ झेपत नाही.